उजवी पाकळी आणि परिशिष्ट

सोमवार, ८ जानेवारी १९९०. पेडणे

समाजशास्त्राच्या भाग्यलक्ष्मी मॅडम आज वर्गात म्हणाल्या, जो विचारवंत स्वतःकडे चिकित्सक नजरेने बघत नाही तो नुसता कारकून. म्हणून आजपासून लिहायला घेतलं. बाबा मामलेदार कचेरीत कारकून आहेत, तेव्हा मॅडमचं वाक्य घरी सांगितलं नाही.

परिस्थिती अशी. विद्यापीठात 'चिकित्सक सिद्धान्त' नावाचा एम.ए.चा नवा अभ्यासक्रम आहे. मराठी, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या चार विभागांनी तो मिळून चालवायचा. त्यामुळे वर्गाची खोली कुठली हे रोज सकाळी शोधावं लागतं. आम्ही विद्यार्थी पाच. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून विद्यापीठ अशा तीन बसा बदलून मी जातो. एप्रिलअखेर शंभर पानांचा प्रबंध आणि तोंडी परीक्षा. उडालो तर बाबांनी बजावलंय, घरी बसून काजी, म्हणजे काजूची झाडं, राखायच्या.

माझ्या डोक्यावर जबाबदारीही मोठी आहे. घरातून एकानेच पुढे शिकायचं आणि एकाने आईला, गाईला आणि बागायतीला बघायचं असं दोन वर्षांपूर्वी ठरलं. मी आणि विनोदिनी एकाच वर्षी बी.ए. झालो. ती माझ्याहून दीड वर्षाने लहान, पण मधे माझं एक वर्ष गेलं. तिला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त पडले होते. अर्थात गुण ही सत्तेने घातलेली मोजपट्टी आहे हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं, तेव्हा नुसतंच वाईट वाटलं होतं.

आमच्याकडे न सुटणारी गोष्ट देवीकडे नेतात. वाड्यावरच्या सातेरीच्या देवळात गुरव मूर्तीवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे एक, डावीकडे एक, आणि देवीला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. आधी पडेल ती पाकळी म्हणजे देवीचा कौल. उजवी माझी होती, डावी विनोदिनीची. पांडुरंग गुरवाचं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. इतका चटकन कौल वाड्यावर कोणी बघितला नव्हता म्हणे.

शुक्रवार, १९ जानेवारी

विषय सुचला! बस पर्वरीला थांबली असताना सुचला. 'देवीचा कौल: अर्थनिर्मितीची सत्ता आणि पाकळीचा पाठ.' पाकळी ही संहिता, भाविक हा वाचक. पाकळीला स्वतःचा अर्थ नसतो, वाचक तो देतो. मॅडमनी शीर्षक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, बघू या. त्या धारवाडच्या, कमी बोलतात. मला ही संमतीच वाटते.

घरी येऊन सगळं समजावलं. आईने विचारलं, देवीचा कोप तर होणार नाही ना. बाबांनी पेपर वर धरला तो खाली घेतलाच नाही. विनोदिनी बाल्कांवात, दारापुढच्या सोप्यावर, वाड्यावरच्या पोरांची शिकवणी घेत होती. तिने पाढे थांबवून विचारलं, "पण पाकळी लावता कोण?"

मी म्हटलं, हा मुद्दाच नाही. करणाऱ्याच्या हेतूला पाठात जागा नसते. ती म्हणाली, बरं. आणि परत तेरा एके तेरा.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

विषयाच्या मंजुरीला चार विभागांच्या चार सह्या, त्यांसाठी अकरा दिवस. मराठीचे सर म्हणाले, ही गाऱ्हाणी तर कोंकणीत, आमच्याकडे कशाला आणता? कोंकणीवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले ही मालवणी, म्हणजे मराठीच. राज्याचा दर्जा मिळून तीन वर्षं होत आली, बसमध्ये अजून दोन माणसं मराठी की कोंकणी यावरून एकमेकांची कॉलर धरतात, पण माझ्या गाऱ्हाण्याचा ताबा घ्यायला मात्र दोघंही तयार नाहीत. तत्त्वज्ञानवाल्या सरांनी विचारलं, देव आहे हे आधी सिद्ध केलंत का. अर्थशास्त्रवाल्यांनी न वाचता सही केली. चारांत तेच खरे मोकळ्या मनाचे.

रविवार, ११ फेब्रुवारी

विनोदिनीने माझी तीन पुस्तकं वाचायला मागितली. मी म्हटलं, कठीण आहेत, इंग्रजीत आहेत. आज परत दिली. एकात खूण म्हणून गवताची काडी होती आणि पानांना गोठ्याचा वास. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, पहिल्यातलं पटलं, दुसऱ्याने पहिलंच लांबवून सांगितलंय, आणि तिसऱ्याला स्वतःलाच ठाऊक नाही. मी हसून सोडून दिलं. विषयाची शिस्त नसली की माणूस अशी घाईची मतं देतो.

शनिवार, १७ फेब्रुवारी

पांडुरंग गुरवाची मुलाखत घ्यायला गेलो. टेपरेकॉर्डर, चाळीस प्रश्न, पांढरा कुर्ता. पहिला प्रश्न: 'उजव्या-डाव्याच्या द्वंद्वात अर्थ कुठे निश्चित होतो असं तुम्हाला वाटतं?' गुरवाने माझं लग्न कुठपर्यंत आलं ते विचारलं. मग खांबाला टेकून डोळे मिटले. मी टिपलं: मौन हा प्रतिकार.

दुपारी विनोदिनी देवळात तेल द्यायला गेली ती दोन तासांनी आली. वहीची नऊ पानं भरलेली. म्हणे गप्पा झाल्या. मी वरवर चाळलं. किती पाणी लावतात, कुठल्या बोटाने लावतात, पाकळी जाड की पातळ, आदल्या दिवशी कोण कोण येऊन जातं, असलं काहीतरी. माहिती आहे, सिद्धान्त नाही. साधी माणसं बायकांशी मोकळेपणाने बोलतात हे मात्र खरं. तिला म्हटलं, लिहीत राहा, कुठेतरी उपयोग होईल. तिने 'बरं' म्हटलं ते मला थोडं लांबट वाटलं.

रविवार, ४ मार्च. सुर्ला

तुलनेसाठी दुसरं गाव हवं म्हणून सुर्ल्याला आलो. बरोबर विनोदिनी, कारण इथल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. साखळीला उतरून पुढे लोखंडाच्या खाणीवरच्या ट्रकात बसून गेलो. कुर्ता पांढरा होता हे आता सांगूनही कोणाला पटणार नाही. आईने दिलेले उंडे, गोल कडक पाव, तेसुद्धा आतून तांबडे निघाले. विनोदिनीने धुळीच्या रंगाचीच साडी नेसली होती. मला का सुचवलं नाही म्हणून विचारलं तर म्हणाली, तू विचारलं नाहीस.

कुडाळकडचा एक ड्रायव्हर भेटला, संदीप नावाचा. दुसऱ्या मालकाकडे जावं की नाही याचा कौल त्याने नुकताच लावला होता. मी चिन्हव्यवस्थेबद्दल विचारलं. तो विनोदिनीकडे बघायला लागला. तिने माझ्या पंधरा मिनिटांच्या प्रश्नाचं एका वाक्यात वाटोळं केलं: मनासारखा पडला नाही तर काय करता?

"परत लावतंय," तो म्हणाला. "तिसऱ्या खेपेक देव ऐकता."

मी लिहिलं: उत्तर देण्याचं टाळलं. विनोदिनीने तिच्या वहीत जोरात रेघ मारली आणि विचारलं, बायकांनी कधी परत लावायला सांगितलंय का? तो म्हणाला, बायका तिथे बोलत नाहीत, गाऱ्हाणं त्यांच्या वतीने दुसराच घालतो. मग ती परतीच्या साऱ्या प्रवासात गप्प होती. बस लागली असावी.

बुधवार, १८ एप्रिल

प्रबंध संपला. एकाहत्तर पानं.

नियम शंभराचा आहे. दोन दिवस विचार केला. ओळींमधलं अंतर वाढवलं तरी ब्याऐंशीच होतात, आणि म्हापशाचा टायपिस्ट पुन्हा सगळं करायला तयार नाही. तेवढ्यात विनोदिनीची वही आठवली. बत्तीस पानं, अक्षर मोत्यासारखं. 'परिशिष्ट: क्षेत्रकार्याच्या नोंदी' असा कागद वर लावला की एकशे तीन. लगेच मागितली. ती चकितच झाली. अशीच लावणार, वाचल्याशिवाय, असं विचारू लागली. मी म्हटलं, वाचलंय गं, फेब्रुवारीतच.

"नऊ पानां वाचलंस. मागची?"

मी म्हटलं, वाचतो. बाइंडर संध्याकाळी सहाला बंद करतो, तेव्हा सायकल काढली. वही देताना तिने दोन्ही हातांनी दिली. भावाच्या प्रबंधाला हातभार लागतोय याचं तिला कौतुक असणार.

बुधवार, २५ एप्रिल

विनोदिनीने आज तिसऱ्यांदा विचारलं, परिशिष्ट वाचलंस का. तोंडी परीक्षा परवावर आली आणि हिचं आपलं वहीचंच. मी जरा चिडूनच म्हटलं, परिशिष्ट कोणीच वाचत नाही, म्हणून तर ते मागे असतं. ती काजूच्या बिया वाळत घालत होती. नंतर आईला सांगताना ऐकलं, म्हणे मी तरी कितीदा सांगू.

शुक्रवार, २७ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

चार परीक्षक. तत्त्वज्ञानवाल्या सरांनी 'पाठ' म्हणजे नक्की काय असं विचारलं. मी वीस मिनिटं बोललो. ते म्हणाले, म्हणजे सगळंच ना? मी म्हटलं, हो. अर्थशास्त्रवाले सर डुलकी काढत होते. मराठीच्या सरांनी अनुस्वार दाखवले. मला वाटलं, सुटलो.

मग मॅडमनी प्रबंध उलटा केला आणि मागून उघडला. म्हणाल्या, हे परिशिष्ट मी दोनदा वाचलं. आणि त्यांच्या त्या सावकाश मराठीत मोठ्याने वाचायला लागल्या:

"नोंद सत्तावीस. कुटुंब पेडण्याचं, वडील कचेरीत. मुलगा आणि मुलगी एकाच वर्षी बी.ए. पुढे कोणी शिकावं यासाठी कौल. उजवी पाकळी मुलाची, डावी मुलीची. उजवीला पाणी जवळजवळ नाही. डावी दोनदा भिजवली. असं करायला कोणी सांगितलं: वडिलांनी, आदल्या दिवशी येऊन. गुरवाचं म्हणणं: देवी घरच्या धन्याचा ऐकता, आणि आमी देवीचा."

मॅडमनी विचारलं, इतकं नेमकं कुटुंब तुम्हाला कसं मिळालं?

"ओळखीचं आहे," मी म्हटलं.

हे पान तुम्ही वाचलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता वाचतोय. अर्थशास्त्रवाले सर जागे झाले. मॅडमनी प्रबंध मिटला आणि तिसरा प्रश्न विचारला: ही वही कोणाची? अक्षर तुमचं नाही, आणि खरं सांगायचं तर डोकंही नाही.

माझी आहे असं म्हणता आलं असतं. बहिणीकडून फक्त उतरवून घेतली, मुलाखती मी घेतल्या, असं म्हटलं असतं तर मॅडमसुद्धा काय करणार होत्या? जिभेवर आलंही होतं. पण समोर 'मुलगी' हा शब्द उघडा पडला होता आणि मला माझ्याच बहिणीबद्दल खोटं बोलवेना. सांगितलं: माझ्या बहिणीची. विनोदिनीची. सगळे प्रश्न तिचे.

मॅडम म्हणाल्या, "एकाहत्तर पानांत तुम्ही पाकळी पडण्याचे आठ अर्थ सांगितलेत. पाणी कोणी लावलं हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्यांनी पहिल्याच पानावर विचारलं."

निकाल: प्रबंध परत. सहा महिन्यांनी नव्याने लिहून आणायचा. परिशिष्ट माझं नसल्याने काढून हातात दिलं. आणि निघताना मॅडमनी विचारलं, तुमची बहीण जूनमध्ये येईल का?

शनिवार, २८ एप्रिल

रात्रभर काय बोलायचं ते तयार केलं होतं. पितृसत्ता, कुटुंबसंस्था, श्रद्धेचं हत्यार. सकाळी चहाच्या वेळी बाबांसमोर उभा राहिलो आणि त्यातलं काहीएक आठवलं नाही. नुसतं म्हटलं, बाबा, तुम्ही गुरवाला सांगितलं होतं?

बाबांनी पाव चहात बुडवला. तो तुटून पडेपर्यंत बुडवलेलाच ठेवला. मग म्हणाले, हो.

मी विचारलं, का? मी मुलगा म्हणून?

"मुलगो म्हणान न्हय," बाबा म्हणाले. "तुका घरातला कायच येणां नाय म्हणान. गाय तुका बघून शिंगां हलयता. काजीत तुका राखणेक बसयलो तर चोर येवन तुझ्याकडसून पाणी पिऊन गेले. ही घर सांबाळतली ह्या माका ठाऊक होता. तुका शिकयल्याशिवाय दुसरा काय करतलंय मी?"

माझा सगळा सिद्धान्त तिथेच चहात पडला. मी मुलगा म्हणून माझी निवड झाली हे पचवायची तयारी केली होती. निरुपयोगी म्हणून झाली हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पण विनोदिनी चुलीपाशी उभी होती, आणि तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ती रडत नव्हती. फार रागावली होती. म्हणाली, म्हणजे मला काम येतं ही माझी चूक. येत नसतं तर मी शिकले असते. दोन वर्षं मी रोज सकाळी तीन बसा पकडत होतो आणि ही शेण काढत होती, आणि मी संध्याकाळी येऊन हिला सत्ता म्हणजे काय ते समजावत होतो. लाज वाटली. इतकी की बसायला कदेल ओढलं आणि बसलोच नाही.

आई हळूच म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. इतकी चटकन पाकळी कधी पडते? मग बोलली का नाहीस असं मी विचारलं. म्हणाली, मला कोणी विचारलं?

मी बाबांना मॅडमचं सांगितलं. जूनपासून विनोदिनी जाईल, घर मी बघेन. बाबा गाईचं काय होणार याचा विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, बरं तर, परत एकदा कौल लावू या. यावेळी कोणी काही सांगणार नाही. देवीला काय वाटतं ते बघू या.

"लावा," विनोदिनी म्हणाली. "माझो अर्ज मंगळवारीच पोस्टातसून गेलो."

मंगळवार म्हणजे परीक्षेच्या तीन दिवस आधी. मी विचारलं, मी सांगायच्या आधीच? ती म्हणाली, पेपरात प्रवेशाची जाहिरात आली होती. तू पेपर बघतोस तो फक्त पुस्तकांच्या पानासाठी.

गुरुवार, १७ मे

गाय. आज तिसऱ्यांदा लाथ मारली. बादली गेली, गुडघा वाचला. विनोदिनी कुंपणापलीकडून बघत होती आणि म्हणाली, तिच्या डाव्या बाजूला बस, गेले पंधरा दिवस सांगतेय. काजूच्या राखणीला मात्र चोर आले नाहीत. विनोदिनीने वाड्यावर सांगून ठेवलंय की आता मी बसतो, पण हिशेब तीच घेणार.

मधेच नवा प्रबंध लिहायचाही विचार केला. पहिलं वाक्य दोनदा लिहिलं आणि खोडलं. पाणी कोणी लावलं इथून सुरू करायला हवं, आणि ते मला तिला विचारून लिहावं लागेल. सध्या ती मला वेळ देत नाही. तिला मॅडमनी वाचायला पुस्तकं पाठवली आहेत.

सोमवार, २८ मे

प्रवेशाचं पत्र आलं. बाबांनी ते कचेरीत नेऊन सगळ्यांना दाखवलं आणि डाग पडू नये म्हणून सरकारी पाकिटात घालून आणलं. विनोदिनीला अजून त्यांच्याशी नीट बोलवत नाही. पाकीट मात्र तिने ठेवून घेतलं.

रविवार, ३ जून

उद्यापासून तिचा वर्ग. पिशवी भरताना तिने वही माझ्या मेजावर ठेवली. म्हणाली, विद्यापीठाने परत दिली, आता तरी वाच.

दुपारी बाल्कांवात बसून बत्तीसच्या बत्तीस पानं वाचली. गुरवाच्या बोटांबद्दल वाचलं, सुर्ल्याच्या बायांबद्दल वाचलं. एक आजी सांगते की तिच्या लग्नाचा कौल तिला विचारल्याशिवाय तीन वेळा लावला. मी तिथेच बसलो होतो, उंड्यातली धूळ झटकत. नोंद सत्तावीसपाशी आलो तेव्हा थांबलो आणि मग पुढे गेलो. शेवटच्या पानावर तिने त्याच नोंदीला पुरवणी जोडली होती. एकच प्रश्न: 'भावाला ठाऊक होतं का?' खाली उत्तरासाठी दोन ओळी कोऱ्या.

पेन घेतलं आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: नव्हतं.

खरंच नव्हतं. पण दुसरी ओळ कोरी दिसायला लागली आणि तो दिवस आठवला. उजवी पाकळी पडली तेव्हा सगळ्यांनी वर बघून हात जोडले. मी विनोदिनीकडे बघितलं होतं. ती मूर्तीकडे बघतच नव्हती, ती गुरवाच्या ओल्या बोटांकडे बघत होती. ती का बघतेय असं क्षणभर माझ्या मनात आलं. मग बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या ओळीवर लिहिलं: विचारलं नाही. खाली माझं नाव घातलं आणि वही तिच्या पिशवीत ठेवली.